इम्युनो चालू असताना शुगर ४१२: आप्पांच्या सूनबाईंना उत्तर

गुहागर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीतून एका सूनबाईंनी विचारलंय. सासरे, घरात सगळे आप्पा म्हणतात, वय ६३. गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाला. यंदा मानेत गाठ परत आली, आणि आता ऑपरेशन होण्यासारखं नाही. चार महिने झाले, दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या (घरच्या भाषेत 'इम्युनो') औषधाचा कमी मात्रेचा डोस आणि सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब या गोळ्या. गाठ निम्म्यावर आली, दुखणं थांबलं. मधुमेह दहा वर्षांचा, मेटफॉर्मिनवर शुगर १४०-१६० च्या घरात असायची. गेल्या दहा दिवसांत मात्र तहान तहान, रात्री पाच-सहा वेळा लघवी, चार किलो वजन उतरलं आणि परवा शुगर निघाली ४१२. एचबीए१सी ७.८, मार्चमध्ये ७.३ होतं. गावच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन वाढवलं आणि डापाग्लिफ्लोझिनची नवी गोळी दिली. मुंबईच्या दिरांचं म्हणणं, "ते इम्युनो बंद करा, त्यानेच झालंय." मंगळवारी पुढचा डोस आहे. हा जुनाच मधुमेह की औषधाचा परिणाम, आणि डोस घ्यायचा की नाही, असा प्रश्न आहे.

ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी आज करायचं ते सांगते.

लघवीतले किटोन तपासून घ्या. इन्सुलिन संपलं की शरीर चरबी जाळतं, तेव्हा बनणारी आम्लं म्हणजे किटोन. साध्या लॅबमध्ये पट्टीवर पाच मिनिटांत होतं, खर्च फारसा नाही. त्याच वेळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), सोडियम, पोटॅशियम आणि सी-पेप्टाइड (अंगात स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय ते सांगणारी तपासणी) यांसाठी रक्त द्या. सी-पेप्टाइड बाहेर जातं, रिपोर्टला दोन-चार दिवस लागतात, पण नमुना आज गेला पाहिजे. डापाग्लिफ्लोझिनची गोळी आजपासून नको. गावच्या डॉक्टरांना फोन करा, हे उत्तर वाचून दाखवा, ते समजून घेतील. आणि आप्पांना मळमळ, उलटी, पोटात दुखणं, जोरजोराने श्वास किंवा गुंगी यांपैकी काहीही असेल, तर लॅबची वाट बघू नका. जिथे आयसीयू आहे तिथे न्या. संध्याकाळ झाली असेल तर तवसाळ-जयगड फेरीबोटीच्या भरवशावर राहू नका, रात्री ती नसते. सरळ चिपळूणचा रस्ता धरा.

किटोन नसतील आणि आप्पा खात-पीत, बोलत असतील, तरी उद्या सकाळपर्यंत इन्सुलिन सुरू झालेलं असावं. गोळ्या वाढवून पंधरा दिवसांनी बघू, हा या दुखण्यातला मार्ग नाही. का, ते आता सांगते.

आपल्या शरीरातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बागेतला राखणीचा कुत्रा समजा. कुत्रा चांगला आहे, पण साखळीने बांधलेला आहे, कारण मोकाट सोडला तर घरच्यांनाच चावेल. कॅन्सर ही साखळी आवळून धरतो आणि वानरं, म्हणजे कॅन्सरच्या पेशी, निवांत आंबे खातात. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, अटेझोलिझुमॅब ही औषधं ती साखळी सोडतात. या साखळ्या शोधून काढल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. सुटलेला कुत्रा वानरांवर धावतो, हे आपल्याला हवंच असतं. पण कधी कधी तो शेजारच्या कोंबड्याही धरतो. कातडी, आतडी, यकृत, फुप्फुसं, थायरॉइड या त्या कोंबड्या. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही त्यातल्याच.

बहुतेक ठिकाणी आपण स्टिरॉइड देऊन कुत्रा परत बांधतो. आतड्याची सूज उतरते, यकृत सावरतं. स्वादुपिंडाचं तसं नाही. लक्षणं दिसेपर्यंत त्या पेशी जवळजवळ संपलेल्या असतात, आणि कुत्रा बांधल्याने मेलेल्या कोंबड्या परत येत नाहीत. म्हणून या मधुमेहावर स्टिरॉइडचा उपयोग होत नाही, उलट शुगर आणखी चढते. इम्युनो बंद करूनही पेशी परत येत नाहीत. दिरांच्या सल्ल्यातली चूक इथे आहे. कारण त्यांनी बरोबर ओळखलं असेलही, पण औषध बंद केलं तर मधुमेह तसाच राहील आणि गाठ मात्र वाढेल.

हा प्रकार शंभरात साधारण एकाला होतो. कमी वाटेल, पण ज्याला होतो त्याला अंगावर काढायला वेळ मिळत नाही. साधारण निम्म्या रुग्णांत तरी पहिलं निदान होतं तेव्हा रक्तात किटोनचं विष साचलेलंच असतं. पहिल्या काही आठवड्यांत होतो, वर्षानंतरही होतो, शेवटचा डोस घेऊन काही महिने झाल्यावरही झालेला आहे. आधी मधुमेह नसलेल्याला होतो, आणि आप्पांसारख्या जुन्या मधुमेह्याला झाला तर कोणाच्या लक्षातच येत नाही. "शुगर होतीच, वाढली" असं सगळे म्हणतात.

तुम्ही दोन एचबीए१सी लिहिलेत हे फार बरं केलंत. एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. मार्चमध्ये ७.३, आता ७.८, म्हणजे हिशेब जवळपास जुनाच. पण आजची शुगर ४१२. जुना मधुमेह हळूहळू बिघडून इथवर आला असता, तर सरासरी दहा-अकरावर दिसली असती. सरासरी जागेवर आणि आजचा आकडा आभाळाला, याचा अर्थ घात गेल्या दोन-तीन आठवड्यांतला आहे. (रक्त कमी असेल किंवा रक्त चढवलं असेल तर एचबीए१सी फसवतं, एवढं ध्यानात ठेवा.) शिवाय स्टिरॉइड चालू नाहीत आणि वजन दहा दिवसांत चार किलो उतरलंय. मी समोर बघितलेलं नाही, तरी माझा कल औषधाच्या परिणामाकडे आहे. सी-पेप्टाइड अगदी कमी आलं तर शिक्कामोर्तब. जीएडी अँटिबॉडीची (इन्सुलिनच्या पेशींवर शरीरच उलटलंय का ते बघणारी) तपासणी कोणी सांगितली तर करा, पण ती निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. अशा निम्म्या रुग्णांत ती निगेटिव्हच असते. पैसे मोजकेच असतील तर सी-पेप्टाइड करा, अँटिबॉडी सोडा.

आता त्या गोळीचं. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर डापाग्लिफ्लोझिन खूप स्वस्त झाली आणि खेडोपाडी पोचली. हृदयाला, मूत्रपिंडाला चांगली गोळी आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण ती शुगर लघवीवाटे बाहेर टाकते, आणि अंगात इन्सुलिनच नसेल तर किटोन बनायचे थांबत नाहीत. मग होतं काय, की मीटरवर दिसतं २०० किंवा १८०, घरचे खूश होतात, आणि आत रक्त आंबट होत जातं. इम्युनो चालू असलेल्या माणसाची शुगर अचानक चढली असेल, तर इन्सुलिन किती शिल्लक आहे हे कळेपर्यंत ही गोळी नको म्हणजे नको. गावच्या डॉक्टरांना दोष देत नाही. रोज शंभर पेशंट बघणाऱ्याला निवोलुमॅबचा पेशंट वर्षातून एखादा भेटतो.

दुसरी भीती मला सलाईनची आहे. आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की "एक बाटली लावा" ठरलेलंच. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्याकडे एक मच्छीमार आजोबा आले होते, फुप्फुसाच्या कॅन्सरवर पेम्ब्रोलिझुमॅबचे चार डोस झालेले. दोन दिवस उलट्या, म्हणून पित्त समजून कुठेतरी दोन बाटल्या लावल्या, आणि दोन्ही ग्लुकोजच्या. आले तेव्हा जीभ लाकडासारखी, श्वास धावून आल्यासारखा, आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास. मुलगा म्हणाला, "म्याडम, मीटर बिघडलाय, आकडाच दाखवीत नाय, नुसतं हाय म्हणतंय." मीटर बिघडला नव्हता. शुगर मीटरच्या आवाक्याबाहेर गेली की तो 'हाय' दाखवतो, म्हणजे आकडा ६०० च्या आसपास किंवा वर. आयसीयूत साधं सलाईन, इन्सुलिनचा ड्रिप, पोटॅशियम असं तीन दिवस चाललं. वाचले. पुढे इन्सुलिनवर राहून त्यांनी पेम्ब्रोलिझुमॅब वर्षभर घेतलं. बाटली लावायचीच वेळ आली तर आधी बोटाची शुगर बघायला सांगा आणि बाटलीवर 'डेक्स्ट्रोज' किंवा 'डीएनएस' लिहिलंय का ते स्वतः वाचा, दोन्हींत ग्लुकोजच असतं.

इन्सुलिनबद्दल. घरात "एकदा सुरू केलं की कायमचं" ही भीती असणार. या बाबतीत ती खरी आहे, बहुतेकांना कायमचं लागतं. पण अंगातलं संपलंय म्हणून बाहेरून घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. उत्तम पद्धत म्हणजे रात्री एकदा लांब पल्ल्याचं, ग्लार्जिनसारखं, आणि प्रत्येक जेवणाआधी झटपट काम करणारं. चार टोचण्या झाल्या. ज्यांना हे जमत नाही त्यांना मी तीस-सत्तरचं मिश्र इन्सुलिन दोन वेळा देते. पुस्तकं नाक मुरडतात, पण वाडीवर एकट्या सूनबाईने सगळं बघायचं असेल तर जे रोज नेमाने होईल तेच खरं. मात्र मिश्र इन्सुलिनवर जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. सुरुवात किती युनिटने करायची ते तुमचे डॉक्टर वजन आणि किटोन बघून ठरवतील. या वयात, वजन उतरलेल्या माणसाला मी दिवसाला किलोमागे ०.३-०.४ युनिटपासून चढत जाते. आकडा अगदी ९० वर आणायच्या मागे मी लागत नाही. जेवणाआधी १०० ते १५०, जेवणानंतर २०० च्या आत, मला पुरतं.

एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: आप्पा जेवले नाहीत तरी लांब पल्ल्याचं इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. "खाल्लंच नाही तर टोचायचं कशाला" म्हणून दोन दिवस थांबवलं की तिसऱ्या दिवशी आयसीयू. कमी करायचं का ते फोनवर विचारा, पण शून्यावर आणू नका.

शुगर उतरण्याची बाजूही सांगायला हवी, कारण तोंडाच्या ऑपरेशननंतर आप्पांचं तोंड नीट उघडत नसणार. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं आणि मीटरवर ७० च्या खाली, तर तीन चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी परत बघा. घास जात नाही, लाडू-चॉकलेट चघळता येत नाही, म्हणून विरघळलेली साखरच बरी. तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने थोडी थोडी द्या, बसवून. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही घालायचं नाही, फुप्फुसात जाईल. अशा वेळी शिरेतून ग्लुकोज देणारा माणूस गाठायचा.

जेवणाचं फार अवडंबर करू नका. कॅन्सरच्या माणसाला भात तोडून, मासे बंद करून उपाशी ठेवलेलं मला बघवत नाही. पेज, मऊ भात, कालवणातला काट्याविना मासा, अंडं, ताक, सगळं चालतं. साखर घातलेलं नाचणीचं सत्त्व आणि डब्यातली गोड पावडर दिवसातून चार-पाच वेळा चालू असेल तर मात्र सांगा; तोंड न उघडणाऱ्यांच्या घरी शुगर चढण्याचं ते नेहमीचं कारण असतं. नाचणी ताकात मीठ घालून द्या.

आणि मीटरवर विश्वास ठेवण्याआधी हात धुवा. दर मे महिन्यात मला असा एक तरी फोन येतो. गेल्या वर्षी एकाची शुगर ३८०, घरात रडारड. विचारलं, "आत्ता काय करत होतात?" आंबे कापत होते. साबणाने हात धुवून दुसऱ्या बोटावर परत केली, १६२. हापूसचा रस बोटाला असला तर मीटर माणसाची नाही, आंब्याची शुगर मोजतो. तसंच पट्ट्यांच्या डबीचं. आपल्या दमट हवेत झाकण उघडं राहिलं की पट्ट्या ओल धरतात आणि आकडे वेडेवाकडे येतात. पट्टी काढली की झाकण टक्कन लावायचं. इन्सुलिनची न उघडलेली कुपी फ्रीजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. चालू कुपी ३० अंशांच्या खाली चार आठवडे टिकते, त्यामुळे पावसात दोन-दोन दिवस लाईट गेली तरी घाबरू नका. खरी काळजी एप्रिल-मेची. आगोटीचं, पावसाळ्याआधीचं, सामान भरता ना, तसं मेअखेर महिनाभराचं इन्सुलिन, पट्ट्या, सुया आणि लघवीच्या किटोनपट्ट्यांची एक डबी भरून ठेवा. दरड कोसळून रस्ता बंद झाल्यावर शोधाशोध नको.

पुढे कधी दुसऱ्या कारणासाठी स्टिरॉइड सुरू झाले, तर शुगरचा खेळ वेगळा होतो. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनची शुगर दुपारनंतर चढते, संध्याकाळी कळस, आणि पहाटे उपाशीपोटी बऱ्यापैकी. फक्त उपाशीपोटीची तपासणी करून "नॉर्मल आहे" म्हणणारे फसतात. स्टिरॉइड चालू असेपर्यंत रात्रीच्या जेवणाआधीची शुगर बघायची. आणि स्टिरॉइड उतरवताना इन्सुलिनही उतरवायचं, नाहीतर आठवडाभरात पहाटे शुगर पडते. हे सांगायला दवाखान्यात बहुतेक वेळा विसरतात.

याउलट एक खूण आहे ती लक्षात ठेवा. काहीही न बदलता इन्सुलिन अचानक जास्त व्हायला लागलं, शुगर सारखी पडायला लागली, सोबत गळाठा, बीपी कमी, सोडियम कमी, तर आनंद मानू नका. इम्युनोचा कुत्रा पिट्युटरी किंवा ॲड्रिनल ग्रंथीवर गेलेला असू शकतो आणि कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, संपलेलं असू शकतं. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉलची तपासणी होते. माणूस कोसळत असेल तर तपासणीची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन द्यावं लागतं. थायरॉइडही मंदावला असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. क्रम उलटा झाला तर माणूस आणखी खचतो.

आता मंगळवारचा डोस. किटोन असतील, आप्पा दाखल असतील किंवा शुगर अजून तीनशे-चारशे असेल, तर डोस पुढे ढकला. आठवडा-दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही. इन्सुलिनवर शुगर आटोक्यात आली, पाणी भरून निघालं, क्रिएटिनिन ठीक आहे, तर डोस पुन्हा सुरू करता येतो. यकृत, फुप्फुस, हृदय यांना जबर दुखापत झाली तर आम्ही इम्युनो कायमचं बंद करतो, पण शुगर आणि थायरॉइडसाठी करत नाही, कारण त्यांची कमतरता बाहेरून भरता येते. आणि आप्पांची गाठ कमी झालीय. ज्या अभ्यासावर हा कमी मात्रेचा डोस उभा आहे तो टाटा मेमोरियलचा, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला: तीन गोळ्यांना निवोलुमॅबचे फक्त २० मिलिग्रॅम जोडल्यावर वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. पूर्ण डोस न परवडणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी ही मोठी गोष्ट. फक्त "कमी डोस आहे, साइड इफेक्ट होणार नाहीत" असं कोणी सांगितलं असेल तर ते पुसून टाका. या जातीच्या औषधांत साइड इफेक्टचा डोसशी फारसा संबंध नसतो. साखळी थोडी सोडा की पूर्ण, कुत्रा सुटतोच.

गोळ्यांचं एक. आप्पांना उलट्या-जुलाब लागले, लघवी कमी झाली, तर फोन करा आणि विचारून मेटफॉर्मिन, सेलेकॉक्सिब आणि मेथोट्रेक्सेट थांबवा. अंग कोरडं पडलेलं असताना सेलेकॉक्सिब मूत्रपिंडाला धक्का देतं, आणि मूत्रपिंड थकलं की मेथोट्रेक्सेट अंगात साचतं. मग तोंडभर फोड आणि पांढऱ्या पेशी तळाला. ओआरएस मात्र द्या. लिटरभर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, तेवढ्याने मधुमेह्याचं काही होत नाही.

आप्पांच्या बाबतीत बाकीचे साइड इफेक्ट ओळखणं जरा अवघड आहे, कारण एर्लोटिनिबही पुरळ आणि जुलाब देतं. मुरमांसारखे पू भरलेले फोड, चेहऱ्यावर आणि छातीवर, हे बहुधा एर्लोटिनिबचं. सपाट लाल चट्टे आणि अंगभर खाज इम्युनोकडे बोट दाखवते. कातडीवर फोड येऊन ती सोलायला लागली तर त्याच दिवशी यायचं. जुलाबात मी आधी एर्लोटिनिब दोन-तीन दिवस थांबवून बघते. थांबले तर त्याचंच. रक्त, शेंब, पोटात पिळवटून दुखणं किंवा नेहमीपेक्षा दिवसाला चारपेक्षा जास्त वेळा, तर आतड्याची सूज समजायचं. लोपेरामाइडच्या, जुलाब थांबवणाऱ्या, गोळ्या खाऊन ते दाबून ठेवू नका.

नवा कोरडा खोकला, जिन्यावर नव्हे तर अंगणात चालताना धाप, ऑक्सिजन नेहमीपेक्षा तीन-चारने कमी: फुप्फुसाची सूज असू शकते, सीटी स्कॅन लागतो. पण आपल्याकडे टीबी विसरून चालत नाही. स्टिरॉइड सुरू करण्याआधी बेडका तपासायला मी आवर्जून पाठवते. छातीत दुखणं, ठोके चुकणं, पापणी मिटायला लागणं, एकाचे दोन दिसणं हे क्वचित होतं, पण झालं तर रात्र काढायची नाही. हृदयाच्या स्नायूची सूज जीव घेते.

कावीळ दिसली तर आपल्या भागात पहिली धाव गावठी औषधाकडे. इथे मी कडक आहे. इम्युनो चालू असताना पाला नाही, काढा नाही, गुळवेल तर नाहीच. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी उकळले आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी त्यातून झालेल्या यकृताच्या सुजेचे रुग्ण नोंदवले. त्यांची सूज, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तेव्हा होते तशी होती. "प्रतिकारशक्ती वाढवणारं" म्हणून देणाऱ्यांना सांगा, आप्पांची प्रतिकारशक्ती आधीच मोकाट सुटलीय, अजून नको.

मात्र सगळं इम्युनोवर ढकलण्याची चूक आम्ही कॅन्सरवालेही करतो. जुलै ते ऑक्टोबर भाताच्या शेतात अनवाणी गेलेल्या माणसाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल आणि पिवळे, क्रिएटिनिन वाढलेलं, तर तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) असू शकतो आणि त्याला स्टिरॉइड नव्हे, अँटिबायोटिक लागतं. डेंगी, मलेरियाही आहेतच. तापात इम्युनोचा परिणाम आणि असे संसर्ग, दोन्हींचा शोध एकाच वेळी घ्यायचा.

अजून एक साधं काम. दवाखान्यात गेल्यावर घरचे सांगतात "केमो चालू आहे". मग डॉक्टर पांढऱ्या पेशींच्या मागे लागतात. "केमो नाही, इम्युनो, निवोलुमॅब, शेवटचा डोस अमुक तारखेला" हे शब्द पाठ करा. फाईलच्या पहिल्या पानाचा फोटो काढून तुमच्या आणि यजमानांच्या मोबाईलच्या स्क्रीनवर लावून ठेवा. औषध बंद झाल्यावरही वर्षभर तो काढू नका. आणि यापुढे प्रत्येक डोसाआधी शुगर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, यकृताच्या तपासण्या झाल्या पाहिजेत. थायरॉइड दर महिना-दीड महिन्याने. तिथले लोक गडबडीत विसरले तर तुम्ही विचारा.

मंगळवारी, डोस होवो न होवो, जाताना फाईलबरोबर मीटरही पिशवीत टाका. शुगरची वही दाखवाल ती दाखवा, पण मीटरच्या मेमरीतले आकडेही डॉक्टरांना उघडून द्या. मी तरी वहीच्या आधी मेमरी बघते. वहीतले आकडे बऱ्याचदा पेशंटला बरं वाटावं म्हणून जरा खाली लिहिलेले असतात.